तलवारीची बाहेरची बाजू

सेकी, २८ मार्च

दादा,

सहा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी काय घडलं ते क्रमाने देते.

१. गावातल्या ओगिसोआजींचं घर पाडायला घेतलं. छपराच्या वाशांवर गोधडीत गुंडाळलेली एक लष्करी तलवार निघाली. त्यांच्या मामाची.

२. आजींनी पोलिसांत कळवलं आणि सापडल्याचा दाखला घेतला.

३. दाखला आणि तलवार घेऊन त्या आपल्याकडे आल्या. मी मूठ उतरवली.

४. पातं महायुद्धाच्या लढाईच्या काळातलं आहे. पाण्याऐवजी तेल पाजलेलं. मुठीत जाणाऱ्या देठावर एका बाजूला भाताच्या दाण्याएवढा लष्करी शिक्का आहे. दुसऱ्या बाजूला दोन अक्षरं आहेत: कानेयोरी.

५. कानेयोरी ही आजोबांची सही, म्हणजे तलवार त्यांनी केलेली आहे.

६. नोंदणीची परीक्षा २४ एप्रिलला गिफूला आहे. तलवार तोवर आपल्याकडे राहील.

७. बाबांची तब्येत ठीक आहे.

एवढं पुरे असं वाटलं होतं. पाकीट बंद करायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की पाचवा मुद्दा वाचून तू पहिल्यांदा विचारशील, बाबा काय म्हणाले. तेही लिहिते.

आजी अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या आहेत, पण तलवार काखेत मारून चालत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "घे रे तेइजी, मामाचा मुडदा आणलाय."

बाबा म्हणाले, "आजी, जरा बरं बोला."

"काय बरं बोलू? मी खाली झोपते आणि हा वर लोंबकळतोय. जन्मभर! तो पोलीस पोरगा मला विचारतो, आजी, ही धोकादायक आहे का? म्हटलं, बाळा, माझ्या वयात जिना धोकादायक असतो."

बाबांनी तलवारीला हात लावला नाही. म्यानाचा खाकी रंग त्यांना पुरेसा होता. "कोयता आहे," ते म्हणाले. "चिगुसा, उघडून बघ आणि कुठे जमा करायचा ते आजींना लिहून दे." लष्करी तलवारीसाठीचा त्यांचा हा शब्द तुला पाठ असेल. त्याच तलवारींच्या नादापायी तू घर सोडलंस त्या दिवशी तो मी बाबांच्या तोंडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकला होता. "या घरात कोयत्यांना झिलई होत नाही. कोयतेवाल्याने कोयतेवाल्यांच्या देशात जावं, अमेरिकेत."

मी मुठीचा बांबूचा खिळा काढला, देठ मोकळा केला आणि वाचलं, "काने. योरी."

बाबांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला, तो तबकात नाही, चटईच्या कडेवर.

"काय झालं?" आजी म्हणाल्या. "चावली का?"

"माझ्या वडिलांची आहे."

"अगं बाई! यासुजिरोची? तो तर कात्र्या करायचा."

"त्याआधीची."

"त्याआधीचं त्याने तोंडातून कधी काढलं नाही." आजींनी हात झटकले. "मग तूच ठेव की. मला काय करायचीय? पास झाली तर तुझी, नाही झाली तर सरकारची."

नियम बदललेला नाही. जुन्या रीतीने घडी घालून ठोकलेलं आणि पाण्यात विझवलेलं पातं असेल तरच नोंदणीचं कार्ड मिळतं. लढाईतलं कारखान्याचं पातं ही कला नव्हे, नुसतं शस्त्र. त्याचे तुकडे होतात. आजोबांनी सैन्यासाठी किती पाती ठोकली कोणाला माहीत नाही. त्यातलं एकही जपानात ठेवता येत नाही. आजोबांनी लढाईनंतर सही करायची छिन्नी मोडून टाकली हेही आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे.

आजी गेल्यावर बाबांनी तलवार मांडीवर घेतली. लष्करी तलवार मांडीवर घेतलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी जेवायला बोलावलं तेव्हाही ती तिथेच होती.

उत्तराची अपेक्षा नाही. कळवणं आवश्यक वाटलं.

चिगुसा


सेकी, ३ एप्रिल

दादा,

पहिलं पत्र अजून टाकलेलं नाही. त्यातला सातवा मुद्दा अपुरा आहे. तो बदलत नाही, इथे पूर्ण करते.

बाबांची तब्येत डोळे सोडून ठीक आहे. डोळ्यांच्या मधोमध दिसत नाही, कडेने दिसतं. समोरच्या माणसाकडे बघायचं असलं की ते त्याच्या कानाकडे बघतात. डॉक्टरांच्या मते आता थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही. कडाही हळूहळू जातील. कदाचित या वर्षातच. झिलईचं काम दोन वर्षं मीच करते. दारावरची पाटी त्यांच्या नावाची आहे आणि गिऱ्हाइकाच्या हातात तलवार तेच देतात. हे कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद आहे. 'कोणाला' यात तू येतोस का, हे मी विचारलं नाही.

गावात किती जणांना कळलंय, मला माहीत नाही. तलवारी ओळखायच्या जानेवारीतल्या बैठकीचं तेवढं सांगते. बैठक अजून तशीच होते: देठ कापडात बांधलेला, समोर पाच तलवारी, प्रत्येकाने पातं बघून कारागिराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, आणि आता गिफूत परीक्षक असलेल्या कितोकाकांनी चिठ्ठ्या वाचून निकाल द्यायचा. बाबांची पहिली चिठ्ठी कधी चुकत नाही, हे सेकीत सगळ्यांना माहीत आहे. या वेळी ती तीनशे वर्षांच्या फरकाने चुकली. कितोकाकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबरीचं." म्हणजे नाव तंतोतंत नाही, पण त्याच घराण्यातलं, गुण पूर्ण. घराणंही ते नव्हतं. बाकीचे सगळे आपापल्या चहात बघत राहिले.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "कितो म्हातारा झाला. माझं चुकलं होतं आणि त्याला कळलंसुद्धा नाही."

मी गाडी चालवत होते. 

आता तलवारीचं. परवा दुपारी त्यांनी मला कामाच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शिक्का काढावा लागेल," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"शिक्का असला की पुढे कोणी बघत नाही. मी तेरा वर्षं त्या परीक्षेच्या टेबलामागे बसलोय. शिक्का दिसला की मी पुढचं वाचायचोच नाही. नाव कोणाचं, गाव कुठलं, काही नाही. बाजूला सारायचं, दुसरं घ्यायचं."

मी त्यांना विचारलं नाही की बाजूला सारलेल्यांत कानेयोरी किती होत्या. मला वाटतं ते स्वतःला तेच विचारत होते.

"शिक्का काढला तरी पातं तेलाचंच राहील," मी म्हणाले. "पाण्यात विझवल्याचे दाणे धारेच्या रेघेत नाहीत. भिंगाखाली पाहिलंय मी. धुरकट पट्टा आहे नुसता."

"रेघ आणता येते."

"ॲसिडने?"

"तुला कशाने आणायची ते तू बघ. तू पोलाद शिकलीयेस."

"बाबा, शिकायला आले त्या वर्षी मी ॲसिडचं नाव काढलं होतं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

"तेव्हा ती जुन्या तलवारीची गोष्ट होती."

"आणि ही?"

ते माझ्या कानाकडे बघत होते. "चिगुसा, माझ्या वडिलांचा एक चमचासुद्धा माझ्याकडे नाही. कात्र्या होत्या, त्या आईने वापरून झिजवल्या. लोकांच्या चारशे वर्षांपूर्वीच्या बापजाद्यांना मी जन्मभर आंघोळ घातली. ही एक राहू दे घरात. नावासकट."

मी नाही म्हणाले. खोटी रेघ काढलेलं पातं परीक्षेच्या टेबलावर ठेवायचं, आणि उद्या त्याच टेबलावर माझं खरं काम जायचं, हे मला जमणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "लॅबमधून आलीस तशीच राहिलीस. तुला पोलाद दिसतं, तलवार दिसत नाही." मी म्हणाले, "तुम्हाला काय दिसतं?"

हे बोलायला नको होतं. ते उठून गेले.

तुला पूर्ण हिशेब हवा तर हेही लिहिते: नाही म्हणण्याच्या आदल्या दिवशी मी ॲसिडची बाटली खाली काढली होती आणि किती पातळ करावं लागेल ते ठरवलं होतं. त्यांनी मागण्याआधीच. बाटली परत वर ठेवली आहे.

चिगुसा


सेकी, ८ एप्रिल

दादा,

हे लिहायला तीनदा बसले. जसं घडलं तसं देते.

रविवारी मी तयार झालेली एक तलवार द्यायला नागोयाला गेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा बाबा ओसरीवर बसून नखांतली घाण काढत होते आणि गुणगुणत होते. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "काळजी मिटली. तुला हात लावायला नको म्हणून मीच केलं."

"काय केलंत?"

"शिक्का गेला. वर गंजाचा लेप दिलाय, दोन आठवड्यांत काळा पडेल. कितोला आरशात तोंड दिसेल पण शिक्का दिसणार नाही. रेघेचं बघू. नसेल आणायची तर नको आणूस, पातं स्वच्छ कर, बाकी माझं नशीब. पण शिक्का तरी आड येणार नाही आता. निदान वाचतील तरी."

मी आत गेले. तलवार जाड कापडावर होती. देठाला ओला तांबडा लेप होता. मी कडेने थोडा पुसला, दुसऱ्या बाजूचं कापड सोडलं, दिवा खाली ओढला आणि पाहिलं.

शिक्का जागेवर होता. अक्षरं गेली होती.

का, ते तुला लगेच कळेल; मला दोन मिनिटं लागली. कमरपट्ट्यात खोचायची तलवार धार वर करून खोचतात. कारागीर नाव कोरतो ते कमरेला असताना बाहेरून दिसेल त्या बाजूला. बाबांच्या हातांखालून जन्मभर आपल्या भागातल्या त्याच तलवारी गेल्या. हातात देठ घेतला की नाव कुठे असणार हे त्यांना बघावं लागत नाही. पण सैन्यातली तलवार साखळीला टांगतात, धार खाली करून. तिची बाहेरची बाजू उलटी. आजोबांनी ती सैन्यातल्या माणसासाठी केली होती, म्हणून नाव त्या बाजूला कोरलं. शिक्का मारणाऱ्याने दुसऱ्या बाजूला मारला. लष्करी तलवारीला आपल्या घरी कधी हात लावलाच नाही, त्यामुळे एवढी एक गोष्ट बाबांच्या हाताला माहीत नव्हती.

त्यांनी अंगठ्याने चाचपलं असणार. पण लढाईच्या घाईत कोरलेली अक्षरं उथळ होती, वर ऐंशी वर्षांचा गंज, आणि त्यांचा अंगठा तुला माहीत आहे, दगडाने दगडासारखा झालेला. खिळ्याच्या भोकाजवळ काहीतरी खरखरीत लागलं, तो त्यांना शिक्का वाटला. एवढाच ठिपका घासला तर परीक्षकाच्या नजरेत भरतो, म्हणून त्यांनी आजूबाजूलाही कानस फिरवली. कानशीच्या रेघा जुन्या रेघांना समांतर, उतरत्या, एकसारख्या आहेत. काम फार सुबक झालं आहे. मला इतकं जमलं नसतं. दुसऱ्या अक्षराची खालची एक रेघ तेवढी उरली आहे, पापणीच्या केसाएवढी.

कोणत्या बाजूला काय आहे हे त्यांनी मला विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे दिसत नाही हे कबूल करणं. मी आपण होऊन सांगितलं नाही, कारण मी नकार दिला होता आणि माझ्या मते विषय संपला होता.

ते माझ्यामागे येऊन दारात उभे राहिले.

"नीट झालंय?"

"सुबक झालंय," मी म्हणाले. हे खरं होतं.

"अक्षरांना धक्का नाही ना लागला? मी त्या बाजूला गेलोच नाही. कापड बांधून ठेवलं होतं तिकडे." कापड शिक्क्यावर बांधलेलं होतं. "कशी दिसतात?"

दादा, मी तीन वर्षं पोलादाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत होते. साहेब उभा असतानासुद्धा आकडा बदलला नाही, म्हणून लोकांनी मला डब्यासोबत एकटीला जेवायला सोडलं होतं.

मी म्हणाले, "स्पष्ट दिसतात."

"योरीची शेवटची रेघ?"

"तीही."

"आजोबांचं वळण असंच होतं," ते म्हणाले. "शेवटची रेघ जरा ओढायची सवय. पास झाली की आपण भाजलेली वाम खायला जाऊ. आजींनाही घेऊ. तू पैसे द्यायचे नाहीत."

तेव्हापासून ते रोज सकाळी लेप कितपत काळा झाला ते विचारतात. मी सांगते. लेपाबद्दल खरं सांगते.

चिगुसा


सेकी, १२ एप्रिल

दादा,

हे शेवटचं. चारही पत्रं आज एकाच पाकिटात घालून जलद टपालाने टाकते.

प्रश्न आता तलवार वाचण्याचा नाही. अक्षरं होती तेव्हाही ती वाचणार नव्हती. आता तर एका बाजूला शिक्का आणि दुसऱ्या बाजूला कोणाचंच नाव नाही. मी ती आहे तशी टेबलावर ठेवणार आहे. प्रश्न बाबांचा आहे. ते परीक्षेला येणार म्हणतात. निळा कोट झाडून बाहेर टांगला आहे. ज्या टेबलामागे ते तेरा वर्षं बसले, त्याच्यापुढे उभे राहतील आणि परीक्षक मोठ्याने सांगेल, जसं सगळ्यांचं सांगतात: "लष्करी शिक्का. नाव नाही." गर्दी असते. सगळे ओळखीचे असतात. आपण काय केलं आणि आपल्याला किती दिसतं, या दोन्ही गोष्टी त्यांना त्या वाक्यात कळतील.

म्हणून मी काल कितोकाकांकडे गेले. काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "बाबा घरी राहिले तर चालेल ना? मी एकटी तलवार घेऊन आले तर?"

कितोकाका बोन्सायच्या फांद्या कापत होते. "तेइजीला न आणणं तुला जमणार आहे का?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?" त्यांनी कात्री खाली ठेवली. "देठाला काही झालंय?"

मी खाली पडलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

"हे बघ पोरी. बैठकीत मला 'बरोबरीचं' म्हणता येतं. खेळ आहे तो, आणि मी त्याच्याबरोबर पन्नास वर्षं खेळलोय. त्या टेबलावर तिसरा शब्द नाही. हो, नाहीतर नाही." मग म्हणाले, "त्या दिवशी त्याला कळलं होतं का गं?"

"ते म्हणाले, कितो म्हातारा झाला."

"हरामखोर," कितोकाका म्हणाले आणि हसले. मग बराच वेळ त्यांनी कात्री उचलली नाही. निघताना एवढंच म्हणाले, "त्याला तिथे कळू देऊ नकोस. आधी कळू दे. घरच्या माणसाकडून."

अजून एक गोष्ट आहे जी तू मला विचारणार नाहीस, कारण ती तुला माहीतच नाही.

दोन वर्षांपूर्वी तू टॅकोमाहून पाकीट पाठवलंस. बाबांनी ते न उघडता फाडलं आणि चुलीजवळच्या डब्यात टाकलं. मी तुकडे काढून घेतले. चिकटवायला एक आठवडा लागला. फोटोत खाकी म्यान, पातं, देठ. मागे तुझ्या अक्षरात: "एका म्हाताऱ्या अमेरिकन नाविकाच्या मुलीने आणली, किंमत काय येईल म्हणून विचारायला. मी किंमत सांगायच्या आधी देठ बघितला. आजोबांची आहे. मी ठेवून घेतली. बाबांना दाखव."

मी दाखवलं नाही. तेव्हा ते तुझं नाव निघालं की उठून जायचे. तुकडे जोडलेला फोटो माझ्या कपाटात आहे. बाबांना आजही माहीत नाही की तुझ्याकडे कानेयोरी आहे. त्यांच्या मते जगात एकच उरली आहे आणि ती आपल्या कामाच्या खोलीत काळी पडते आहे.

परवा मी तो फोटो भिंगाखाली धरला आणि भंगारातल्या एका पट्टीवर 'काने' कोरून पाहिलं. खोटी रेघ, खोटी सही: एकदा ॲसिडची बाटली खाली काढली की पुढचं आपोआप सुचतं. अक्षर चांगलं उतरलं. फार चांगलं. तेव्हा मी थांबले. पट्टी कापून टाकली. बाबांना हवं होतं ते त्यांच्या वडिलांच्या हाताचं अक्षर. माझ्या हाताचं त्यांना कळलं नसतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

त्या फोटोत योरीची शेवटची रेघ जरा ओढलेली आहे. बाबा म्हणाले तशीच.

तुझी तलवार इथे येऊ शकत नाही. विमानतळावर तिचं तेच होईल जे हिचं गिफूत होणार आहे. म्हणजे बाबांनाच तिच्याकडे यावं लागेल. तिच्याकडे म्हणजे तुझ्याकडे. तुझ्या घरी राहावं लागेल असं नाही, जवळपास खोली बघेन. मी सोबत येईन. हातातल्या कामाचं मी बघते. तुमच्यात बोलणं झालंच पाहिजे अशी अट नाही. त्यांनी देठ हातात घेऊन खिडकीपाशी बसावं आणि डोळ्यांच्या कडेने, मान वळवून, जेवढं दिसेल तेवढं बघावं. कडा अजून आहेत. उन्हाळ्यानंतरचं मी सांगू शकत नाही.

तू रागावलेला आहेस हे मला माहीत आहे. मी त्यांच्या वतीने माफी मागत नाही. ती त्यांची आहे, त्यांनी मागायची की नाही ते तेच ठरवतील. त्यांनी मला तुला लिहायला सांगितलेलं नाही. मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. एवढं मात्र सांगते की तलवार मांडीवर घेऊन बसले होते त्या संध्याकाळी ते एकदा म्हणाले, "सेइगो असता तर त्याने सांगितलं असतं कोणत्या वर्षाची आहे ते. कोयत्यांतलं त्याला कळतं." मी पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

परीक्षेच्या आधी, २१ तारखेला सकाळी, मी त्यांना सांगणार आहे. त्यांनी काय केलं ते सांगीन. मी "स्पष्ट" म्हणाले ते खोटं होतं हेही सांगीन. त्यानंतर लगेच सांगायला माझ्याकडे दुसरी गोष्ट असावी अशी इच्छा आहे. ती तुझ्याकडून यायला हवी.

मला दोन गोष्टी कळव: तलवार अजून तुझ्याकडे आहे का, आणि आम्ही आलो तर तू ती त्यांच्या हातात देशील का.

मधल्या काळात विकली असशील तर तसं कळव. मग मी त्यांना एकच गोष्ट सांगेन. नाही म्हणायचं असेल तर 'नाही' एवढं पुरे, कारण नको. फोन केलास तर माझ्या नंबरवर कर, घरच्या नाही.

२० एप्रिलपर्यंत उत्तर दे.

चिगुसा